रानातला दुसरा कॅमेरा

वन्यप्राण्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद हा मुळात प्रतीक्षेचा छंद आहे. वडोदऱ्याहून कच्छच्या छोट्या रणात, ग्वाल्हेरहून चंबळेच्या पात्रात किंवा हैदराबादेहून अमराबादच्या रानात जाणारा हौशी छायाचित्रकार कित्येक आठवडे आधी रजा मागून ठेवतो, गाडीचे आरक्षण करतो, पहाटे चारला उठून थंडीत कुडकुडत फाटकाशी उभा राहतो. आणि एवढ्या सायासानंतर त्याला हवा तो प्राणी हव्या त्या उजेडात फार तर दोन-तीन मिनिटे दिसतो. नेमक्या त्या मिनिटांत कॅमेऱ्याचे शटर अडकले, कार्ड वाचले जाईना किंवा लेन्स व बॉडी यांच्यामधला विद्युत्संपर्क तुटला, तर साऱ्या सहलीवर पाणी पडते. शहरातल्या लग्नसमारंभात अशी आपत्ती ओढवली तर तासाभरात शेजारच्या गावाहून दुसरा कॅमेरा आणविता येतो. रानात ती सोय नाही.

म्हणून ह्या छंदात थोडी वर्षे घालविलेला प्रत्येक जण केव्हा ना केव्हा दुसऱ्या बॉडीचा विचार करू लागतो. अडचण एवढीच असते की, हा विचार मनात येईपर्यंत बहुतेकांची शिल्लक लांब पल्ल्याच्या लेन्सने गिळलेली असते. शाळामास्तर, बँकेतला कारकून, लहानसा दुकानदार अशा माणसाने पुन्हा तेवढीच रक्कम कोठून आणावी? मग तो जाहिराती चाळतो, दर महिन्याला निघणाऱ्या नव्या नमुन्यांची वर्णने वाचतो, आणि स्वस्त म्हणून जे काही हाती लागते ते घेऊन मोकळा होतो. वर्षभराने तो दुसरा कॅमेरा कपाटात धूळ खात पडलेला असतो. ही चूक पैशाच्या टंचाईतून फारशी होत नाही; ती प्रश्न उलटा मांडल्यामुळे होते. पहिली बॉडी निवडताना तिचे गुण पाहावयाचे असतात. दुसरी निवडताना मात्र पहिलीशी तिचे नाते काय, हे आधी पाहावयास हवे.

हिंदुस्थानातल्या रानांत वाघाची छायाचित्रे चिकाटीने टिपणाऱ्या आद्य मंडळींत एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्याचे नाव घ्यावे लागते. त्याचे प्रसिद्ध पुस्तक १९२७ साली निघाले. पायवाटेवर बारीक तार ताणून ठेवावयाची, तिला वाघाचा पाय लागला की शटर आणि प्रकाशाचा झोत एकदम सुटावयाचा, अशी त्याची युक्ती होती. झोत एकदा उडाला की नव्याने मांडणी केल्यावाचून दुसरे चित्र नाही. आजचा साधासा कॅमेराही सेकंदाला सहा ते दहा चित्रे घेतो. परंतु वाघ काही त्यामुळे अधिक वेळा दिसू लागलेला नाही. चित्रांची संख्या वाढली, संधींची संख्या होती तेवढीच राहिली. आणि संधी दुर्मीळ असते तेथेच पर्यायी साधनाची किंमत कळते.

दुसऱ्या बॉडीकडून दोन वेगवेगळी कामे अपेक्षिली जातात. एक काम राखीव गड्याचे. पहिली बंद पडली की तिच्या जागी उभे राहावयाचे. दुसरे काम जोडीदाराचे. पहिलीवर ५०० किंवा ६०० मिलिमीटरची लांब लेन्स चढविलेली असताना दुसरीवर ७० ते ३०० मिलिमीटरची आखूड लेन्स तयार ठेवावयाची. ताडोब्याच्या रस्त्यावर वाघ कधी कधी जिप्सीच्या अगदी जवळून चालत जातो. तेव्हा लांब लेन्सच्या चौकटीत त्याचा नुसता कान नि डोळा मावतो. दांडेलीच्या रानात गव्यांचा कळप एकाएकी वाट ओलांडू लागतो, तेव्हाही तीच गत. अशा वेळी लेन्स बदलत बसावे तर क्षण निसटतो, आणि उघड्या बॉडीत धूळ शिरते ती वेगळीच. छोट्या रणातली रानगाढवे धावू लागली की खाऱ्या मातीचे लोट उठतात. तेथे लेन्स काढणे म्हणजे सेन्सरला मातीने न्हाऊ घालणेच होय. केवळ राखीव म्हणून घेतलेला कॅमेरा वापरावाचून राहतो, आणि वापरावाचून राहिलेला कॅमेरा ऐन वेळी हाताला परका वाटतो. यास्तव जोडीदाराचे काम नित्य करील आणि प्रसंग पडल्यास राखीव गडीही होईल अशी बॉडी निवडावी.

सर्वांत स्वस्त दुसरी बॉडी पुष्कळांच्या घरात आधीच असते. नवा कॅमेरा घेताना जुना विकून टाकण्याची रीत सर्वत्र रूढ झाली आहे. दुकानदार जुन्याच्या बदल्यात काही रक्कम कमी करतो, आणि घेणाऱ्याला तेवढेच बरे वाटते. परंतु सहा-सात वर्षे वापरलेल्या बॉडीला येणारी किंमत आणि तशीच बॉडी पुढे बाजारातून घ्यावयाची तर पडणारा खर्च, ह्यांत मोठे अंतर असते. शिवाय घरच्या बॉडीच्या खोडी ठाऊक असतात. तिचे शटर किती वेळा उडाले, ती कोणत्या पावसात भिजली, कोणत्या कोपऱ्यातला फोकसबिंदू दगा देतो, हे सारे मालकाला माहीत असते. बाजारातून आणलेल्या जुन्या बॉडीविषयी ह्यांतले काहीच माहीत नसते. तेव्हा पैसे थोडे असतील तर आधी नवी किंवा बरी बॉडी पहिली म्हणून घ्यावी आणि जुनीला दुसऱ्या जागी बसवावे, हाच क्रम शहाणपणाचा ठरतो.

मात्र गेल्या काही वर्षांत ह्या सरळ वाटेत एक मोठा खड्डा पडला आहे, आणि तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. आरशाच्या कॅमेऱ्याचा, म्हणजे डीएसएलआरचा, काळ सरत आला आणि बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस, कॅमेरा आला. निकॉनचा 'एफ' माउंट १९५९ पासून, तर कॅननचा 'ईएफ' माउंट १९८७ पासून चालत आलेला. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी नवे माउंट काढले. निकॉनने 'झेड' आणि कॅननने 'आरएफ'. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर आरशाच्या कॅमेऱ्यात मोठे ठेवावे लागते, कारण मध्ये आरसा वर-खाली हलावयास जागा हवी. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, झेडमध्ये अवघे १६. कॅननच्या ईएफमध्ये ४४, तर आरएफमध्ये २०. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवावयाची तर मधले अंतर एका पोकळ नळीने भरून काढता येते. ह्या नळीलाच ॲडॅप्टर म्हणतात. उलट, नवी लेन्स जुन्या बॉडीवर बसवावयाची तर लेन्सला आरशाच्या जागेत आत ढकलावे लागेल. ते अशक्य आहे.

ह्यातून व्यवहाराचा एक स्पष्ट नियम निघतो. ज्याच्याजवळ जुन्या माउंटची लांब लेन्स आहे, त्याला दोन्ही पिढ्यांच्या बॉडी चालतात. निकॉनची २०१५ साली निघालेली २००-५०० मिलिमीटरची एफ/५.६ लेन्स डी ७२०० वर थेट बसते आणि ॲडॅप्टर लावून झेड बॉडीवरही चालते. कॅननच्या १००-४०० मिलिमीटरच्या ईएफ लेन्सचेही तसेच आहे. ज्याने मात्र जुने सारे विकून नव्या माउंटची लेन्स घेतली, त्याची जुनी बॉडी त्या लेन्सपुरती निरुपयोगी झाली. लांब लेन्स एकच असताना दोन बॉडींपैकी एकीवर ती बसतच नसेल, तर राखीव गड्याचे काम संपलेच. अशा माणसाने जुन्या बॉडीवर पैसा न घालविता नव्या माउंटमधली साधी बॉडी पाहावी. सोनीच्या ग्राहकाला हा पेच पडत नाही, कारण त्यांचा 'ई' माउंट २०१० पासून एकच आहे. तिथे २०१४ ची ए ६००० ही लहान बॉडीदेखील २०१९ साली निघालेली २००-६०० मिलिमीटरची लेन्स स्वीकारते.

निकॉनच्या जुन्या लेन्सच्या बाबतीत दोन बारीक पण महाग पडणाऱ्या गोष्टी आहेत. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटार नाही आणि जिचा फोकस बॉडीतल्या मोटारीच्या दांड्याने फिरतो, तिला डी ३००० व डी ५००० मालिकेतल्या स्वस्त बॉडींवर स्वयंचलित फोकस मिळत नाही. निकॉनच्या स्वतःच्या ॲडॅप्टरमधून झेड बॉडीवरही मिळत नाही. डी ७००० मालिकेत आणि तिच्या वरच्या बॉडींत ती मोटार आहे. दुसरी गोष्ट हिच्या उलट टोकाची. वर उल्लेखिलेल्या २००-५०० लेन्सचे छिद्र विजेच्या संकेताने लहानमोठे होते. डी ९० किंवा डी २०० सारख्या फार जुन्या बॉडीला तो संकेत देताच येत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून डी ९० घरी आणावी आणि लांब लेन्सचे छिद्र हलेचना, असा प्रसंग ह्यामुळे येतो.

नात्याचा विचार माउंटपाशी संपत नाही. बॅटरी हा त्याचा दुसरा भाग होय. निकॉनच्या डी ७१००, डी ७२००, डी ७५००, डी ५०० आणि डी ८५० ह्या बॉडी एकाच कुळातल्या बॅटरीवर चालतात. कॅननच्या ७डी, ७डी मार्क २, ७०डी, ८०डी, ९०डी पासून थेट मिररलेस आर ७ पर्यंत एकच कूळ चालत आले आहे. उलट कॅननची आर १० आणि निकॉनची झेड ५० ह्या लहान बॉडींना निराळ्या बॅटऱ्या लागतात. वनविश्रामगृहात रात्री वीज तीन तास येते, भिंतीत सॉकेट एकच असते, आणि गाडीतले चौघे त्यासाठी टपलेले असतात. तेव्हा एकाच चार्जरवर भागणे ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही. कार्डांचेही तसेच. दोन्ही बॉडींना साधे एसडी कार्ड चालत असेल तर एकीतले काढून दुसरीत घालता येते. एकीला एसडी नि दुसरीला एक्सक्यूडी लागत असेल तर खिशात दोन डब्या बाळगाव्या लागतात.

आणि सर्वांत शेवटी, पण महत्त्वाने कमी नव्हे, हाताची सवय. कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बसविली जाते, निकॉनची उलट दिशेने. झूमचे कडेही दोघांकडे उलटसुलट फिरते. मांजरपावलाने निघालेला बिबट्या झुडपाआड जाण्यापूर्वी बोटांना विचार करावा लागला तर चित्र गेलेच म्हणावे. एका घराण्याची पहिली बॉडी नि दुसऱ्या घराण्याची दुसरी, असा संसार कितीही स्वस्त पडला तरी रानात तो सुखाचा होत नाही.

आता सेन्सरच्या आकाराकडे वळावयास हरकत नाही. ह्या बाबतीत दुसरी बॉडी लहान सेन्सरची असणे हा वन्यजीव-छायाचित्रकाराच्या दृष्टीने कमीपणा नसून कित्येकदा लाभच असतो. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा, सेन्सर लांबी-रुंदीने त्याच्या सुमारे दीडपट लहान असतो, कॅननचा १.६ पट. ४०० मिलिमीटरची लेन्स अशा बॉडीवर ६०० मिलिमीटरच्या लेन्सइतकेच दृश्य दाखविते, असे म्हणतात. लेन्स काही लांब होत नाही. दृश्याच्या कडा कापल्या जातात, एवढेच. परंतु लाभ खरा आहे, आणि तो बिंदूंच्या दाटीतून येतो. २४ मेगापिक्सेलच्या मोठ्या सेन्सरमधला एपीएस-सीएवढा मधला तुकडा कापला तर त्यात सुमारे १० मेगापिक्सेलच उरतात. लहान सेन्सरच्या डी ७२०० मध्ये त्याच जागेत २४ मेगापिक्सेल असतात. चंबळेच्या वाळूच्या बेटावर दूर बसलेल्या पाणचिऱ्याच्या पिसांची घडण पाहावयाची तर ह्या दाटीचा उपयोग होतो.

ह्या लाभाची किंमत उजेडात मोजावी लागते. मोठा सेन्सर क्षेत्रफळाने सव्वादोन पटींहून थोडा अधिक असल्यामुळे तेवढाच अधिक प्रकाश गोळा करतो. छायाचित्रणाच्या मापाने एका पायरीहून किंचित जास्त. चोर्ले घाटाखालच्या गोव्यातल्या दाट झाडीत किंवा खानापुराजवळच्या भीमगडाच्या सदाहरित रानात सकाळी नऊपर्यंत अंधारच असतो. तेथे लहान सेन्सरच्या जुन्या बॉडीची चित्रे दाणेदार येतात. उलट वेळावदरच्या उघड्या गवतावर काळवीट नि भोवत्या पक्षी टिपणाऱ्याला उजेडाची वाण नसते. त्याला दाटी हवी, वेग हवा. बेळगावकराची दुसरी बॉडी आणि वडोदेकराची दुसरी बॉडी एकच असावी असे मुळीच नाही. पहिली बॉडी लहान सेन्सरची असून वावर मुख्यतः दाट रानात असेल, तर निकॉनची २०१४ ची डी ७५० किंवा तिच्या तोडीची जुनी पूर्ण-सेन्सर बॉडी दुसरी म्हणून अधिक कामाची ठरेल. वावर उघड्या माळावर असेल तर त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

जुन्या बॉडींच्या बाजारात वन्यजीवनासाठी जी नावे पुनःपुन्हा घेतली जातात त्यांत निकॉनची डी ५०० आणि कॅननची ७डी मार्क २ ही दोन अग्रेसर आहेत. कॅननची २०१४ ची, निकॉनची २०१६ ची. दोन्ही सेकंदाला दहा चित्रे घेतात. दोन्हींच्या शटरची चाचणी दोन लाख उड्यांपर्यंत झालेली आहे. दोन्हींना धूळ नि पाऊस बऱ्यापैकी मानवतो. त्यांत डी ५०० चा फोकस अधिक विश्वासार्ह आणि अंधारातली चित्रे अधिक स्वच्छ, असे साधारण मत आहे नि ते रास्त आहे. निकॉनने २०२२ साली तिचे उत्पादन थांबविले. ह्या दोहोंहून स्वस्त पडते ती डी ७२००. सेकंदाला सहाच चित्रे, परंतु कार्डाच्या दोन खाचा, ५१ फोकसबिंदू आणि समाधानकारक चित्र. तिची थोरली बहीण डी ७१०० आणखी स्वस्तात मिळते खरी. मात्र तिच्यात एक दोष आहे. कॅमेरा चित्रे आधी आपल्या अंतर्गत स्मृतीत साठवितो आणि मग कार्डावर उतरवितो. ही स्मृती, म्हणजे बफर, डी ७१०० मध्ये इतकी तोकडी आहे की उत्तम दर्जाच्या रॉ प्रतीच्या सहा-सात चित्रांनंतर, म्हणजे सेकंद-सव्वासेकंदात, ती भरते आणि कॅमेरा दम खाऊ लागतो. डी ७२०० मध्ये तीच मर्यादा अठरा चित्रांची आहे, आणि डी ५०० मध्ये जलद कार्डावर दोनशेची. झाडावर बसलेल्या धनेशासाठी हा फरक गौण आहे; दोन नर काळविटांची झुंज लागली की तोच सर्वस्व होतो.

लांब लेन्स लावणाऱ्याने आरशाच्या स्वस्त बॉडींत आणखी एक सोय आहे की नाही हे अवश्य पाहावे. अशा कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग सेन्सरहून निराळा, आरशाखाली तळाशी बसविलेला असतो. त्याचे अंतर नि सेन्सरचे अंतर ह्यांत केसाएवढा फरक पडला तरी लेन्स इच्छित जागेच्या किंचित पुढे वा मागे फोकस करते. ५०० मिलिमीटरची लेन्स एफ/५.६ वर असता दहा मीटरवरचा सुस्पष्ट पट्टा सुमारे नऊ सेंटिमीटरचाच असतो. लहान खंड्याच्या लांबीहूनही कमी. तेथे केसाचा फरक म्हणजे डोळ्याऐवजी शेपूट स्पष्ट येणे. डी ७००० मालिका, डी ५००, ७डी मार्क २, ७०डी, ८०डी ह्या बॉडींत हा फरक लेन्सगणिक दुरुस्त करून ठेवण्याची सोय आहे. डी ३००० व डी ५००० मालिकेत आणि कॅननच्या ६०डीमध्ये ती नाही. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. पहिल्या लेन्सबरोबर दीडपटीचा एक्स्टेंडर वापरणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की, एफ/५.६ लेन्सला १.४ पटीचा एक्स्टेंडर लावला की तीदेखील एफ/८ ची होते. डी ७००० सारख्या बॉडीचा फोकस एफ/५.६ पर्यंतच्याच हिशेबाने केलेला आहे. डी ७२०० आणि ७डी मार्क २ मध्ये मधला बिंदू एफ/८ वरही काम देतो.

नव्या कोऱ्या स्वस्त बॉडीचा पक्षही दुबळा नाही. कॅननच्या २०२२ च्या आर १० चे वजन बॅटरीसह ४२९ ग्रॅम, डी ५०० चे ८६०. ती यांत्रिक शटरने सेकंदाला पंधरा चित्रे घेते आणि पक्ष्याचा डोळा आपण होऊन शोधते. निकॉनच्या झेड ५० ची २०२४ साली आलेली दुसरी आवृत्तीही पक्षी ओळखते. परंतु दोन्हींत कार्डाची खाच एकच आहे, आणि बॉडीत कंप शोषणारी योजना नाही. अशा बॉडींवर निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह पडतो. लपणात बसून हालचाल न कळू देता चित्र घ्यावयास ते फार सोयीचे. पण स्वस्त सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो, आणि ही वाचणी संपेपर्यंत वेड्या राघूचे पंख हललेले असतात. चित्रात ते वाकडे उमटतात. उडत्या पक्ष्यासाठी यांत्रिक शटरच बरे.

जुनी बॉडी घ्यावयाची ठरल्यावर ती रोखीने, घाईत नि संध्याकाळच्या उजेडात घेऊ नये. शटर किती वेळा उडाले आहे हे निकॉनच्या चित्राबरोबर साठविलेल्या माहितीत सापडते. कॅननच्या बहुतेक बॉडींत ते निराळ्या प्रोग्रॅमने काढावे लागते. तथापि केवळ ह्या आकड्यावर विसंबणे बरोबर नाही. एक लाख उड्या घेऊनही कोरड्या कपाटात नांदलेली बॉडी, वीस हजार उड्यांनंतर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघडी पडलेल्या बॉडीहून चांगली असते. बॅटरीच्या खोबणीतले संपर्क हिरवट वा पांढुरके पडले आहेत काय, लेन्सच्या कड्यावर वाळूचे ओरखडे आहेत काय, तळाच्या स्क्रूंची तोंडे खरवडली आहेत काय, हे भिंगातून पाहावे. खरवडलेला स्क्रू म्हणजे बॉडी कोणीतरी उघडलेली आहे. मग लेन्सचे छिद्र एफ/१६ करून मोकळ्या आकाशाचे एक चित्र घ्यावे. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. ती पुसता येते. पण एकाच कोपऱ्यात तेलकट, फुगीर डाग पुष्कळ असतील तर शटरच्या यंत्रणेतून तेल उडत असण्याचा संभव असतो.

ह्यापुढची परीक्षा घेणाऱ्याने स्वतःच्या लांब लेन्सवरच करावी. विक्रेत्याच्या आखूड लेन्सवर सारेच कॅमेरे गोड वागतात. रस्त्यावरून समोर येणाऱ्या सायकलस्वारावर सलग चित्रे घ्यावीत आणि घरी नेऊन मोठी करून पाहावीत. कार्डाच्या दोन्ही खाचांत कार्ड घालून बफर भरेपर्यंत शटर दाबून धरावे. जुन्या सीएफ कार्डाच्या खाचेत बारीक पिना असतात. कार्ड तिरके घातल्याने एक जरी वाकली तरी दुरुस्ती किमतीच्या मानाने जड जाते. बॅटरीचे वयही कळते. निकॉनच्या डी ७००० मालिकेत व वरच्या बॉडींत ते शून्यापासून चारपर्यंतच्या आकड्याने दिसते, कॅननच्या वरच्या बॉडींत हिरव्या चौकोनांनी. अखेरीस मूळ पावती मागावी. तिच्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक असावा नि तो बॉडीच्या तळच्या क्रमांकाशी जुळावा. परदेशातून खाजगी रीतीने आलेल्या मालाला येथील कंपनीची हमी नसते. तो थोडा स्वस्त पडतो, पण दुरुस्तीच्या वेळी हिशेब उलटतो. ठरविलेल्या रकमेतला काही भाग एका नव्या बॅटरीसाठी, एका चांगल्या कार्डासाठी आणि सेन्सरच्या सफाईसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा.

वर्षातून एकदाच रानात जाणाऱ्याने खरेदीपूर्वी भाड्याचाही विचार करावा. इंदूर, हैदराबादसारख्या मोठ्या शहरांत बॉडी दिवसावर भाड्याने मिळते. पाच दिवसांचे भाडे आणि बॉडीची किंमत ह्यांचा भागाकार केला की किती सहलींनंतर विकत घेणे परवडेल ते कळते. पुष्कळांच्या बाबतीत उत्तर सहा-सात वर्षे असे येते, आणि तेवढ्या अवधीत बॉडी जुनी होतेच. निघण्याच्या दोन दिवस आधी ती ताब्यात घेऊन आपल्या लेन्सवर पाहिलेली असावी. लेन्स न बदलता येणाऱ्या, मोठ्या झूमच्या कॅमेऱ्याचीही कोणी शिफारस करतात. निकॉनच्या २०१८ च्या पी १००० चा पल्ला ३००० मिलिमीटरच्या तोडीचा आहे हे खरे. पण त्याचा सेन्सर नखाएवढा आहे. पक्ष्याची ओळख पटविण्यास तो उत्तम, पहाटेच्या अंधुक उजेडात वाघ टिपण्यास नव्हे.

बॉडी कोणतीही घेतली तरी पहिल्या सहलीपूर्वी एक संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेवावी. दोन्ही बॉडींवर फोकसचे बटण, आयएसओचे बटण आणि चित्राची प्रत ही शक्य तितकी सारखी लावून घ्यावी. दोहोंतली घड्याळे मिनिट-सेकंदापर्यंत जुळवावीत. नाही तर परतल्यावर वाघीण आधी पाण्यात उतरली की पिल्ले आधी आली, ह्याचा क्रम चित्रांवरून लागत नाही. दुसऱ्या बॉडीचे कार्ड मोकळे करून, बॅटरी भरून, आखूड लेन्स चढवूनच ती गाडीत ठेवावी, आणि ती बीन बॅगच्या शेजारी, सुती पंचाखाली, हाताच्या अंतरावर असावी. पिशवीच्या तळाशी नव्हे.

मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांचे गाभ्याचे भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतात, आणि नेमक्या ह्याच तीन महिन्यांत गोव्यापासून बेळगावपर्यंतच्या हवेत पाणी भरलेले असते. कातडी पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर आणि लेन्सवर बुरशी धरते ती ह्याच काळात. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखणारे विजेवरचे कपाट सर्वांत चांगले. ते न परवडल्यास घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्तसा आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. पुड्यांचा रंग पालटला की त्या मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. बॅटरी काढून निराळी ठेवावी, आणि पंधरा दिवसांनी एकदा दोन्ही बॉडी बाहेर काढून खिडकीतल्या चिमणीवर शंभर-दीडशे चित्रे घ्यावीत.